विश्लेषण : बँकॉकला एकट्याने जाणारे पुरुषच फसवणुकीचे सोपे लक्ष्य का ठरतात? काय काळजी घ्यावी?

ऑफिसच्या ग्रुपवर कोणी ‘पुढच्या आठवड्यात बँकॉक, एकटाच’ असे टाकले, की पुढचे मेसेज वाचायची गरज उरत नाही. डोळा मारणारे इमोजी, ‘वहिनींना सांगितलंस का?’ आणि ‘येताना आमच्यासाठी काय आणणार?’ या चेष्टेत एक गोष्ट राहून जाते. जाणाऱ्याला कामाची माहिती कोणी देत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही. बँकॉकमध्ये एकट्या पुरुषांना गाठणाऱ्यांचा अर्धा धंदा याच संकोचावर चालतो.

मुंबईहून विमानाने साडेचार तासांच्या आसपास अंतरावर असलेले हे शहर भारतीयांसाठी आता दुर्मीळ राहिलेले नाही. २०२४ या एका वर्षात २१ लाखांहून अधिक भारतीय थायलंडला गेले. त्यात कुटुंबे आणि नवी जोडपी आहेत, तसेच एकटे पुरुषही आहेत. कोणी कामाचे दोन दिवस संपवून तिसरा दिवस फिरण्यासाठी ठेवतो, कोणी पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेला असतो, तर कोणी नोकरीच्या आशेने निघालेला असतो. या तिघांची गरज वेगळी असली, तरी त्यांना गाठण्याची पद्धत बरीचशी सारखी आहे.

एकटा पुरुषच का?

बँकॉक हे एकट्याने फिरण्यासाठी मुळात सोयीचे शहर आहे. मेट्रो रात्री बारापर्यंत धावते, रस्त्यावर माणसांची वर्दळ असते आणि हिंसक गुन्ह्याचा अनुभव बहुतेक पर्यटकांना येत नाही. येथे धाक दाखवून लुटण्यापेक्षा गोड बोलून लुटण्याचे प्रमाण जास्त आहे.

एकट्या पुरुषाच्या बाबतीत तीन गोष्टी फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडतात. पहिली, ‘अरे, हे काहीतरी गडबड आहे’ असे सांगणारे शेजारी कोणी नसते. दुसरी, पुरुषाने घाबरायचे नसते या समजुतीमुळे तो धोक्याची जाणीव झाल्यावरही उठून जात नाही. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, फसल्यावर तो कोणाला सांगत नाही. बारमध्ये दहा हजारांचे बिल भरावे लागले, हे घरी कोणत्या तोंडाने सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तक्रार होणार नाही याची खात्री असली, की फसवणाऱ्याला दुसऱ्या दिवशीही त्याच जागी उभे राहता येते.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश देण्यास सुरुवात केली. आधी हा मुक्काम ३० दिवसांचा होता, जुलै २०२४ मध्ये तो ६० दिवसांचा करण्यात आला. मात्र ही मुदत पुन्हा कमी करण्याची चर्चा तेथील सरकारी पातळीवर तेव्हापासून होत राहिली आहे. त्यामुळे मित्राला गेल्या वर्षी काय मिळाले यावर न जाता, तिकीट काढण्याच्या दिवशी थायलंडच्या भारतातील दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

१ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’ भरावे लागते. थायलंडच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरता येते आणि त्यासाठी एकही पैसा लागत नाही. पैसे मागणारे संकेतस्थळ म्हणजे एकतर मध्यस्थ किंवा भामटा. फसवणूक बँकॉकला पोहोचल्यावरच सुरू होते असे नाही, ती मोबाइलवर फॉर्म शोधतानाही होऊ शकते.

इमिग्रेशनच्या खिडकीवर एकट्या तरुण प्रवाशाला जास्त प्रश्न विचारले जाऊ शकतात. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि खर्चापुरती रोकड जवळ असेल, तर हे प्रश्न लवकर संपतात. या तिन्हींचे कागदी प्रिंट ठेवावेत, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट असा दंड आहे आणि तो २० हजार बाटपर्यंत जातो. मात्र मुदत संपलेल्या अवस्थेत पोलिसांनी पकडले, तर कोठडी आणि पुढची काही वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते.

विमानतळावरून शहरात कसे जावे?

मुख्य विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. तेथून एअरपोर्ट रेल लिंक ही रेल्वे सुमारे अर्ध्या तासात फाया थाय स्थानकात आणते, भाडे ४५ बाट. एक बाट म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन रुपये. तेथून बीटीएस स्कायट्रेन पकडता येते. टॅक्सी घ्यायची असेल तर विमानतळाच्या अधिकृत रांगेतूनच घ्यावी आणि मीटर टाकण्यास सांगावे. चालकाने ‘फिक्स रेट’ म्हटले, की पुढची टॅक्सी. ग्रॅब किंवा बोल्टसारखे ॲप वापरल्यास भाडे आधीच कळते आणि प्रवासाची नोंद राहते. एकट्यासाठी ही नोंद भाड्याइतकीच महत्त्वाची आहे.

रुपये बदलण्यासाठी विमानतळावरील दर सहसा चांगला नसतो. शहरात जाण्यापुरतेच तेथे बदलावेत. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढल्यास तेथील बँक दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क घेते. त्यामुळे थोडे थोडे पैसे काढणे महागात पडते. मशीनने ‘रुपयांत रूपांतर करू का?’ असे विचारल्यास नकार देऊन बाटमध्येच व्यवहार करावा, अन्यथा मशीनचा चढा दर लागतो.

राहण्यासाठी अशोक, सिलोम किंवा आरी यांसारख्या भागांत मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाता येईल असे हॉटेल निवडल्यास रात्री टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्याचा प्रसंगच येत नाही.

‘आज राजवाडा बंद आहे’ हा काय प्रकार?

ही बँकॉकमधील सर्वात जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती आहे. ग्रँड पॅलेसच्या आसपास नीटनेटक्या कपड्यांतला एक सभ्य माणूस चांगल्या इंग्रजीत विचारतो, ‘कुठून आलात? इंडिया? व्वा!’ मग सांगतो की आज राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, पण हा समोरचा टुकटुकवाला तुम्हाला २० बाटमध्ये तीन मंदिरे दाखवेल.

इतक्या कमी पैशात कोणी तासभर का फिरवेल, या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या थांब्यावर मिळते. तो थांबा रत्नांच्या किंवा सूट शिवणाऱ्या दुकानाचा असतो. गिऱ्हाईक आणल्याबद्दल टुकटुकवाल्याला दुकानाकडून कमिशन मिळते. ‘सरकारी सेल आजच संपतोय, भारतात नेऊन दुप्पट भावाने विका’ असे सांगून रत्ने गळ्यात मारली जातात. गंमत म्हणजे दगड अनेकदा खोटा नसतो, त्याची किंमत खोटी असते. त्यामुळे नंतर तक्रार करणेही कठीण जाते.

ग्रँड पॅलेस एरवी रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीनपर्यंत खुला असतो आणि परदेशी प्रवाशाला ५०० बाटचे तिकीट असते. राजघराण्याच्या समारंभामुळे तो कधी बंद असलाच, तर ते तिकीट खिडकीवर किंवा अधिकृत संकेतस्थळावर कळते, रस्त्यावरच्या माणसाकडून नाही. हाफ पँट आणि बिनबाह्यांचा शर्ट घालून आत सोडत नाहीत, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

रात्री बिल कसे फुगते?

पॅटपाँग, नाना आणि सोई काउबॉय ही नावे बँकॉकला न गेलेल्यांनाही माहीत असतात. तेथे जावे की जाऊ नये हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण गेल्यावर पैसे कसे लागतात, हे जाण्याआधी कळलेले बरे.

पॅटपाँगमध्ये रस्त्यावर उभा असलेला माणूस एक छापील कार्ड पुढे करतो : शो फुकट, ड्रिंक १०० बाट. मग जिन्याने वरच्या मजल्यावर नेतो. बाहेर पडताना बिलात शोचे पैसे, न मागितलेली ड्रिंक्स आणि समोर येऊन बसलेल्यांचे पैसे लागलेले असतात. रक्कम हजारांत जाते आणि दारात दोन दांडगे पुरुष उभे असतात. एकच नियम पाळला तर हा सगळा प्रसंग टळतो : रस्त्यावरून बोलावून नेणाऱ्याबरोबर वरच्या मजल्यावर जायचे नाही.

तळमजल्यावरच्या उघड्या बारमध्ये हिशेब तुलनेने सरळ असतो, पण तोही समजून घ्यावा लागतो. शेजारी येऊन बसलेल्या मुलीने मागितलेले ‘लेडी ड्रिंक’ तुमच्या बिअरपेक्षा महाग असते, कारण त्यातला वाटा तिच्या कमाईत जमा होतो. बिलाच्या चिठ्ठ्या समोरच्या छोट्या पेल्यात खोचल्या जातात. प्रत्येक फेरीनंतर त्या पाहणे हा तुमचा हक्क आहे आणि त्यात कोणाला राग येत नाही. यातील अनेक स्त्रिया ईशान्येकडच्या इसान या गरीब शेतकरी पट्ट्यातून आलेल्या असतात आणि गावाकडे पैसे पाठवतात. त्या तेथे कामावर आहेत, हे लक्षात ठेवले तर गैरसमज आणि भांडणे दोन्ही टळतात. नकार ऐकून घेणे आणि न विचारता फोटो न काढणे हा शिष्टाचार तर आहेच, सुरक्षेचा उपायही आहे.

थायलंडमध्ये वेश्याव्यवसाय कायदेशीर आहे, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. १९९६ च्या कायद्याने तो बेकायदा आहे, फक्त त्याकडे डोळेझाक केली जाते. व्यक्ती १८ वर्षांखालील असेल, तर मात्र ग्राहकालाही तुरुंगवास होतो आणि ‘मला वय माहीत नव्हते’ ही सबब वाचवेल असे धरून चालू नये.

दारूचा पेला नजरेआड झाला तर तो पुन्हा उचलू नये. पासपोर्ट आणि जास्तीची रोकड हॉटेलच्या तिजोरीत ठेवून पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आणि एक कार्ड एवढेच सोबत असावे. खोलीवर कोणी आल्यास अनेक हॉटेलांत रिसेप्शनवर त्या व्यक्तीचे ओळखपत्र ठेवून घेतले जाते. ही पद्धत अडचणीची वाटली तरी पाहुण्याच्याच संरक्षणासाठी आहे, ती टाळण्याचा प्रयत्न करू नये. कंडोमबाबत चालढकल करू नये. काही चूक झालीच, तर एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात. थाय रेडक्रॉसचे बँकॉकमधील ॲनॉनिमस क्लिनिक १९९१ पासून नाव न विचारता तपासणी करते.

आणि मसाज? प्रत्येक मसाज सेंटरकडे संशयाने पाहण्याची गरज नाही. पारंपरिक थाय मसाजचा युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला आहे. वाट फो या मंदिरात त्याचे शिक्षण दिले जाते आणि तेथेच मसाजही करून घेता येतो. दर्शनी भागात दरपत्रक लावलेले असेल, तर आत काय मिळते हे बहुधा तेवढेच असते.

कोणत्या कायद्यांत नकळत अडकायला होते?

पहिला, ई-सिगारेट. थायलंडमध्ये तिच्या आयातीवर २०१४ पासून आणि विक्रीवर २०१५ पासून बंदी आहे. ती बॅगेत नेऊच नये. दुसरा, राजघराण्याचा अवमान. दंडसंहितेच्या कलम ११२ नुसार प्रत्येक गुन्ह्यासाठी ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. समाजमाध्यमांवरची पोस्टही त्यात येते, त्यामुळे राजाच्या फोटोवर गमतीची रील करण्याचा मोह टाळावा. तिसरा, गाडी. भाड्याची स्कूटर चालवायची तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवे. ते नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणि स्कूटरसाठी तारण म्हणून पासपोर्ट कधीही देऊ नये. परतताना गाडीवर जुने ओरखडे ‘नवे’ होतात आणि पासपोर्ट त्यांच्या ताब्यात असतो.

चौथा कायदा गांजाचा. त्यातून उभा राहिलेला धोका थेट मुंबईपर्यंत पोहोचतो.

‘तिकीट फुकट, फक्त बॅग आणायची’

जून २०२२ मध्ये थायलंडने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि बँकॉकच्या गल्लोगल्ली त्याची दुकाने उघडली. जून २०२५ मध्ये सरकारने पुन्हा लगाम घातला आणि गांजाच्या फुलांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली. दुकान दिसते म्हणून सगळे मोकळे आहे, असा अर्थ काढू नये.

खरा प्रश्न परतीच्या प्रवासाचा आहे. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून हायड्रोपोनिक गांजा, म्हणजे मातीऐवजी पोषक द्रव्यांच्या पाण्यावर वाढवलेला उच्च प्रतीचा गांजा, सातत्याने पकडला जात आहे. यातील ‘कॅरियर’साठी टोळ्यांचा देकार ठरलेला असतो : जाण्या-येण्याचे तिकीट, हॉटेल, वर थोडे पैसे, आणि येताना एक बॅग. बॅगेत खाद्यपदार्थांची पाकिटे किंवा खेळणी आहेत असे सांगितले जाते.

भारतीय एनडीपीएस कायद्यात गांजाचे प्रमाण एक किलोपेक्षा जास्त असल्यास १० वर्षांपर्यंत आणि २० किलोपेक्षा जास्त असल्यास किमान १० ते कमाल २० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय या कायद्यात आरोपीला माहिती होती असे न्यायालय गृहीत धरते. माहिती नव्हती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. दुसऱ्याची बॅग कितीही जवळच्या ‘भाई’ने दिली तरी ती आणायची नाही, याला अपवाद नाही.

नोकरीसाठी बोलावले असेल तर?

एकट्याने निघालेल्या तरुणांसाठी सर्वात गंभीर धोका बारमध्ये नाही, तो नोकरीच्या जाहिरातीत आहे. टेलिग्राम किंवा फेसबुकवर ‘थायलंडमध्ये डेटा एंट्री’, ‘डिजिटल मार्केटिंग’ अशी कामे दिसतात. इंग्रजी येत असले की पुरे, व्हिसाची कटकट नाही, तिकीट कंपनी पाठवते. विमानतळावर गाडी न्यायला येते. ती बँकॉकमधल्या ऑफिसात जाण्याऐवजी पश्चिमेकडे सुमारे ५०० किलोमीटरवरच्या माई सोत या सीमेवरच्या गावी जाते. तेथून मोई नदी ओलांडली की म्यानमारचे म्यावाडी. पासपोर्ट आणि मोबाइल काढून घेतले जातात आणि कुंपणाआड बसवून ऑनलाइन फसवणुकीचे काम करून घेतले जाते. नकार दिल्यास मारहाण होते आणि सुटकेसाठी घरच्यांकडे पैसे मागितले जातात.

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबाबत इशारा दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये चीनचा अभिनेता वांग शिंग कास्टिंगच्या नावाखाली बँकॉकला बोलावला गेला आणि माई सोतमार्गे म्यावाडीला पोहोचला. त्याची सुटका जगभर गाजली. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत २८३ आणि २६६ अशा एकूण ५४९ भारतीयांना माई सोतहून परत आणले.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पर्यटक म्हणून व्हिसाशिवाय गेलेल्याला थायलंडमध्ये काम करता येत नाही. त्यामुळे ‘आधी टुरिस्ट म्हणून या, वर्क परमिट नंतर करू’ असे सांगणारी नोकरी बनावट समजावी. एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे घरबसल्या पाहता येते. पोहोचल्यावर घरच्या एका माणसाबरोबर मोबाइलचे लाइव्ह लोकेशन सुरू ठेवावे. गाडी शहराबाहेर पडून महामार्गाला लागली, तर पहिल्याच पेट्रोल पंपावर उतरून गर्दीत जावे आणि फोन करावा. सीमेपर्यंत पोहोचण्याआधीचे ते काही तास हीच वेळ हातात असते.

फसवणूक झालीच तर काय करावे?

पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे आणि तेथे इंग्रजीत बोलता येते. तातडीच्या पोलीस मदतीसाठी १९१, रुग्णवाहिकेसाठी १६६९. बारमध्ये बिलावरून घेरले गेल्यास हाणामारी करू नये. वाद वाढत असेल तर थोडे पैसे देऊन बाहेर पडावे, नाव आणि जागा लक्षात ठेवावी आणि लगेच ११५५ ला फोन करावा. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत नोंद आणि मग भारतीय दूतावास.

लाज लपवण्यासाठी आणखी मोठी चूक करू नये. बँकॉकची वारी घरच्यांपासून लपवण्यासाठी पासपोर्टची पाने फाडणारे प्रवासी मुंबई विमानतळावर पकडले गेले आहेत. पासपोर्ट आपल्या कपाटात असला तरी कायद्याने तो केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. पाने गहाळ असलेली इमिग्रेशन अधिकाऱ्याला तपासणीत लगेच कळतात आणि जी गोष्ट घरात दोघांत मिटली असती, ती पोलीस ठाण्यात आणि वर्तमानपत्रात जाते.

म्हणून निघण्यापूर्वीची सर्वात उपयोगी तयारी म्हणजे एका माणसाला सगळे खरे सांगून ठेवणे : हॉटेल कोणते, परतीचे विमान कधीचे आणि रात्री फोन नाही आला तर काय करायचे. तो भाऊ असो, मित्र असो वा बायको. चेष्टा झाली तर होऊ द्यावी.

बँकॉकचा नकाशा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. सोई काउबॉय या गल्लीचे एक टोक सुखुमवितच्या सोई २३ वर उघडते आणि भारतीय दूतावास त्याच सोई २३ वर आहे. मदत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथपर्यंत जाताना संकोच आड येऊ नये, एवढेच.